गळका पुरावा

वादळाची मनापासून वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक होता.

मे महिना संपत आला की दुपारनंतर सातपूरवर धुळीचे लोट उठायचे. गल्लीतल्या बायका अंगणात वाळत घातलेल्या कुरडया आणि दोरीवरचे कपडे गोळा करायला धावायच्या, पुरुष मोटारसायकली आडोशाला नेऊन लावायचे. काका मात्र घरातून खुर्ची बाहेर आणायचे, अंगणाच्या टोकाला ठेवायचे आणि रस्त्याकडे पाठ करून स्वतःच्या छताकडे बघत बसायचे. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. मुलगा बोर्डात येणार अशी पक्की खात्री असलेला बाप निकालाच्या दिवशी जसा बसतो, तसे ते बसलेले असत. वारा पडला की खुर्ची उचलायची, "यंदाही काही दम नाही," असं म्हणायचं आणि आत जायचं, असा त्यांचा नेम होता.

घर म्हणजे विटांच्या चार खोल्या एका ओळीत आणि वर सिमेंटचे पत्रे. दोन खोल्यांत काका-काकू, दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी एका कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि लग्नही नुकतंच झालं होतं. घर बघायला गेलो तेव्हा नळाला पाणी येतं का ते पाहिलं, खिडकीतून उजेड येतो का ते पाहिलं. खिडकीपेक्षा वरूनच जास्त उजेड येतो, हे सामान लावून झाल्यावर बायकोने दाखवलं.

काका जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते, पण कंपनी सुटली तरी स्टोअर सुटलं नव्हतं. जुनी वस्तू कंडेम, म्हणजे बाद, झाल्याशिवाय नवी द्यायची नाही, या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी काढली होती आणि आता संसार काढत होते. काकूंना नवा झाडू हवा असेल तर जुना आधी हजर करावा लागायचा. काका तो हातात घेऊन फिरवून बघायचे, दोन-तीन हीर शिल्लक असतील तर "अजून चालतोय" असा शेरा मारून परत द्यायचे. काकू सायखेड्याकडच्या. नवरा बोलायला लागला की त्या पदराने तोंड पुसायच्या आणि चुलीशी जाऊन आपलं काम करायच्या. त्यांना काही म्हणायचंच नसतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

निवृत्तीनंतर कोणा एजंटाने काकांना घराचा विमा विकला. आग, वीज, पूर, वादळ, सगळं त्यात होतं. एजंट ही गोष्ट संध्याकाळपर्यंत विसरला असेल. काकांचं मात्र आयुष्य बदललं. तोवर त्यांचं छत नुसतं जुनं होतं. आता ते जुनं आणि विमा उतरवलेलं झालं, आणि त्याची प्रतिष्ठाच वाढली. लोक आंघोळ करून पोथी घेऊन बसतात, काका पॉलिसी घेऊन बसायचे. ती इंग्रजीत होती आणि अक्षर मुंगीएवढं होतं. रोज भिंग लावून वाचून त्यांनी तिचं सार काढलं होतं, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या मला फाटकात अडवून ते त्यांनी सांगितलं.

"छत वादळाने गेलं तर कंपनी भरून देते. झिजून गेलं तर देत नाही. कळलं?"

मी म्हटलं, म्हणजे काय करायचं?

"म्हणजे छताने झिजून जायचं नाही."

छताला तशी समज देण्यात आली आणि त्या दिवसापासून त्याची डागडुजी बंद झाली. पहिल्या पावसाळ्यात भेगांमधून पाणी यायला लागलं तेव्हा मी काकांना म्हटलं की निदान डांबर भरून घेऊ, खर्च मी करतो. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. उद्या विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला वर चढला आणि त्याला डांबर दिसलं तर तो काय म्हणेल, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तरही दिलं: तो म्हणेल, हे आधीपासून आजारी होतं. तेव्हा पेशंट आजारी आहे हे कोणाला कळू नये म्हणून त्याला औषध द्यायचं नाही, असं ठरलं. आम्ही भांडी लावत राहिलो. कोणत्या दिशेच्या वाऱ्याला कोणती भेग गळते आणि तिच्याखाली पातेलं लावायचं की परात, हे बायकोला पाठ झालं.

छताचं वय हे तर सरकारी गुपित होतं. काकूंचं वय काका दूधवाल्यालाही सांगत, छताचं कोणाला सांगत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, असेल दहा-बारा वर्षांचं. दोन वर्षांनी विचारलं तेव्हाही ते दहा-बारा वर्षांचंच होतं. एका दिवाळीत त्यांनी शिडी लावून पत्र्यांना वरून चुना मारून घेतला. खालून काहीच फरक दिसत नव्हता. वरून बघितलं तर तरुण दिसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याच सुमाराला ते मिशीला कलप लावायला लागले होते. दोन्हीचा परिणाम साधारण सारखाच झाला होता.

आमच्या शेजारी महापालिकेच्या शाळेतले एक गुरुजी राहत. बुद्धपौर्णिमेच्या आधी घराचं काम पुरं करायचं म्हणून त्यांनी त्या वर्षी नवेकोरे लोखंडी पत्रे चढवले. काकांनी कुंपणावरून त्यांना विमा उतरवायचा सल्ला दिला. गुरुजींनी हसून सांगितलं की मी हुक पक्के लावलेत. विम्याविना हुकांवर जगणाऱ्या माणसाबद्दल काकांना फार वाईट वाटलं.

आणि मग, मे महिन्याच्या शेवटी, ते वादळ आलं.

त्या दिवशी मी घरीच होतो. बायकोला सहावा महिना होता. ती स्टोव्हशी उभी होती, वारा सुटला तशी कपडे काढायला अंगणात गेली. तेवढ्यात गुरुजींच्या छतावर करकर असा आवाज झाला, एक पत्रा हुकांसकट उचकटला, हवेत गर्रकन फिरला आणि आमच्या स्वयंपाकघरावर येऊन आपटला. धूळ खाली बसली तेव्हा स्टोव्ह दिसत नव्हता. ती जिथे उभी होती तिथे सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे पडले होते आणि वर आभाळ दिसत होतं. मी दारातून ते पाहिलं. बायको मागून आली, तिने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने माझा दंड धरला.

काका धावत आले. त्यांनी वर पाहिलं.

"किती गेले?"

मी म्हटलं, दोन.

"दोनच?" काका म्हणाले.

माझ्या बायकोने त्यानंतर त्यांच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं. ते काकांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या घरी तेव्हा लग्नघरासारखी धांदल होती.

गुरुजी बिचारे ओशाळून माफी मागायला आले तर काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि तुमचे फार उपकार झाले म्हणून सांगितलं. गुरुजींना ते टोमणे वाटले. काका मनापासून बोलत होते. निघताना गुरुजींनी आपला पत्रा परत मागितला, घर उघडं पडलं होतं त्यांचं. त्यावर मात्र काका गंभीर झाले. तो पत्रा आता पत्रा राहिलेला नाही, तो पुरावा आहे, सर्व्हेअर येईपर्यंत त्याला हात लावता येणार नाही, असं त्यांनी समजावलं. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आपल्या पत्र्याकडे पाहिलं, दुसरा पत्रा विकत आणला आणि त्याच आठवड्यात छत नीट करून टाकलं. विमा नसल्यामुळे त्यांना ते जमलं.

सर्व्हेअर आला तो स्कूटरवरून, गळ्यात कॅमेरा अडकवून. पोरसवदाच होता, पण कामात सरळ होता. काकूंनी त्याला पोहे दिले, काकांनी शिडी दिली. वर जाऊन त्याने फोटो काढले, इकडेतिकडे ठोकून पाहिलं, एका पत्र्याची कड दोन बोटांत धरून दाबली. ती बिस्किटासारखी तुटली. खाली उतरून त्याने हात झटकले आणि अदबीने सांगितलं की शेजारचा पत्रा पडून फुटलेले दोन पत्रे मी मान्य करतो, त्यांचे पैसे घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापून मिळतील. बाकीच्या भेगा जुन्या आहेत.

"काका, बाकीचे पत्रे वाऱ्याने गेलेले नाहीत. वयाने गेलेत."

"वयाने माणसं जातात," काका म्हणाले. "पत्रे वाऱ्यानेच जातात."

सर्व्हेअरने वाद घातला नाही. जाताना एवढंच म्हणाला की भोक लगेच बुजवून घ्या, पाऊस तोंडावर आलाय, पुढचं नुकसान कंपनी धरणार नाही. काकांना त्यात डाव दिसला. भोक बुजवलं की पुरावा गेला, आणि पुरावा गेला की कंपनी मोकळी. सगळं छत मिळाल्याशिवाय दोन पत्र्यांचे पैसे घ्यायचे नाहीत आणि पुराव्याला हात लावायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि ग्राहक मंचात तक्रार घातली. वकील दिला नाही. वकील बाजू मांडतो, मला छत मांडायचंय, असं ते म्हणत.

तो पावसाळा मी पुराव्याखाली काढला. बायको बाळंतपणाला सिन्नरला माहेरी गेली होती, तेवढं एक बरं होतं. मी भोकावर प्लास्टिकचा कागद टाकून वर विटा ठेवल्या. कामावरून आलो तर कागद घडी करून माझ्या दाराशी ठेवलेला असायचा, विटाही नीट रचून. मी पुन्हा टाकायचो, काका पुन्हा काढायचे. तारखेच्या दिवशी मात्र त्यांना सोबत लागायची, आणि छताखाली मी राहत असल्यामुळे माझ्या साक्षीला वजन होतं. बसने आम्ही शहरातल्या सीबीएस स्टँडवर उतरायचो, मंचाच्या बाहेर बाकावर बसायचो, पुढची तारीख घ्यायचो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन परत यायचो. मिसळ काका चवीने खायचे. न्यायावर त्यांचा विश्वास टिकून राहिला त्यात त्या मिसळीचा वाटा मोठा होता.

तुम्ही दुसरं घर का नाही पाहिलं, असं लोक मला विचारतात. ते दर रविवारी ठरत होतं. पण बायको दिवाळीनंतर मुलीला घेऊन आली, आणि काकूंनी मुलीला जी मांडीवर घेतली ती खाली ठेवलीच नाही. मालिश, आंघोळ, धुरी, सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. बायकोला त्यांना सोडून जाववेना. शिवाय थंडीच्या दिवसांत भोक कोरडंच होतं. स्वयंपाक करता करता चांदण्या दिसायच्या.

मग पुढचा जून आला. मुलगी रांगायला लागली होती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात साचलेल्या पाण्यात जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागली. काकू दारात आल्या, त्यांनी ते पाहिलं. मुलीला उचललं, पदराने पुसलं आणि आपल्या खोलीत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने आमची गादीही त्यांनी स्वतःच ओढत तिकडे नेली. त्यांच्या बाजूचे पत्रे त्यातल्या त्यात शाबूत होते. काका पॉलिसी वाचत बसले होते. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय?

"लेकरू इथं राहील," काकू म्हणाल्या. "तुमचा पुरावा हाय ना, तुम्ही जा त्याच्याखाली."

मला वाटलं, आता तरी छत होईल. मी काकांना ओळखलं नव्हतं. त्यांनी आपली खाट आमच्या जुन्या खोलीत हलवली, खाटेच्या चार पायांना काठ्या बांधल्या, त्यांच्यावर जुना रेनकोट ताणला आणि त्याखाली तो अख्खा पावसाळा काढला. त्यांना खोकला लागला, गुडघे धरले, पांघरुणाला बुरशीचा वास यायला लागला. काकू रोज बादल्या उपसायच्या आणि त्यांना काढा करून द्यायच्या. काका काढा पिऊन म्हणायचे की नुकसान वाढतंय, हे मंचासमोर आणलं पाहिजे.

शेवटी पुराव्याची तारीख लागली ती हिवाळ्यात. या वेळी काकांनी काकूंना साक्षीदार म्हणून न्यायचं ठरवलं. वादळ आलं तेव्हा त्या घरात होत्या. आठवडाभर त्यांनी काकूंची तयारी करून घेतली. वारा कसा होता? भयंकर होता. आवाज कसा झाला? तोफेसारखा झाला. काकूंनी तोफ कधी ऐकली नव्हती, पण त्यांनी ते पाठ केलं. त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि सातपूरपासून सीबीएसपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

साक्ष चांगली झाली. वारा भयंकर झाला, आवाज तोफेसारखा झाला. काका मान हलवत होते. मग कंपनीचे वकील उठले. वयस्कर आणि मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी काकूंना आधी बसायला सांगितलं, मग विचारलं, "मावशी, हे पत्रे घरावर कधी टाकले, काही आठवतं का?"

हा प्रश्न काकांनी तयारीत घेतला नव्हता. ते अर्धवट उठले. मंचाच्या अध्यक्षांनी त्यांना हाताच्या खुणेने खाली बसवलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं नाही. "आठवतं की," त्या म्हणाल्या. "थोरल्या लेकाच्या वेळी मला सातवा लागला व्हता. तवा टाकले."

"आणि थोरला आता केवढा आहे?"

"दोन लेकरांचा बाप हाय."

बाहेर बसलेले लोकसुद्धा हसले. अध्यक्षांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. निकाल पुढच्या तारखेला लागायचा होता, पण तो काय लागणार हे दारावरच्या शिपायालाही कळलं. पुढे तो तसाच लागला: सर्व्हेअरने पहिल्या दिवशी शिडीवरून उतरून जे सांगितलं होतं, तेच. दोन पत्रे, घसारा वजा जाता. एवढं ऐकायला आम्ही दोन पावसाळे भिजलो होतो.

बाहेर आलो तेव्हा काका पुढे चालत होते, काकू मागे, मी मध्ये कुठेतरी. आता बसस्टँडवर सगळ्यांदेखत काका काकूंना बोलणार, अशी मला धास्ती वाटत होती. काका हॉटेलापाशी थांबले, आत गेले आणि तीन मिसळ सांगितल्या. काकू संकोचून बाकाच्या कडेला बसल्या. नवऱ्याबरोबर हॉटेलात बसायची त्यांची ती पहिली वेळ असावी. काकांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला, आणि तसाच धरून काकूंना विचारलं:

"सातवाच होता? आठवा नव्हता?"

"सातवाच. आठव्यात मला सायखेड्याला धाडलं नव्हतं का?"

काकांनी मनाशी हिशेब केला. "मग ते दिवाळीच्या आधीचे झाले. मी आजवर संक्रांतीनंतरचे धरत होतो."

"संक्रांतीला पोरगं झालं व्हतं."

"हो, बरोबर." काकांनी पाव तोंडात टाकला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तू विसरली असशील."

"वर तुम्ही व्हता," काकू म्हणाल्या. "खाली शिडी धरून मी उभी व्हते. असं पोट पुढं घेऊन. कसं इसरंन?"

मी ताटलीत बघून खात राहिलो. काकांनी पोऱ्याला हाक मारून काकूंच्या ताटलीकडे बोट दाखवलं आणि रस्सा वाढायला सांगितला. बसमध्ये त्यांनी काकूंना खिडकी दिली.

काकू ते भोळेपणाने बोलून गेल्या, असं मी बरेच दिवस समजत होतो. मग एकदा बायकोने त्यांना विचारलं. काकू मुलीच्या टाळूवर तेल थापत होत्या. मी खोटं बोलले असते तर अजून दोन पावसाळे बादल्या कोणी उपसल्या असत्या, एवढंच त्यांनी विचारलं.

उन्हाळा लागायच्या आत काकांनी नवे पत्रे टाकले, सगळेच्या सगळे, स्वतःच्या पैशाने. जुने पत्रे उतरवताना ते अंगणात उभे होते. वरचा मजूर प्रत्येक पत्रा धरायचा आणि तो त्याच्या हातात मोडायचा. वाऱ्याची वाट बघत असलेलं ते छत इतकी वर्षं निव्वळ काकांच्या भिडेखातर वर राहिलं होतं. गुरुजी मदतीला आले होते. काकांनी त्यांचा पत्रा त्यांना सन्मानाने परत केला. तो आता त्यांच्या काही कामाचा नव्हता, तरी त्यांनी घेतला.

पुढच्या पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. काका बेचैन होऊन खोल्या-खोल्यांतून फिरायचे, आमच्याकडे येऊन वर बघायचे आणि बायकोला विचारायचे, कोरडं आहे ना? ती हो म्हणायची. मग "बरं आहे," असं म्हणून जायचे.

विमा त्यांनी सोडला नाही. पुढे एक नवा एजंट घरी आला, कागद मांडून अंगणात बसला. नाव झालं, पत्ता झाला, भिंती झाल्या. छत किती जुनं आहे, असं त्याने विचारलं. मी शेजारी बसलो होतो, बायको आमच्या दारात उभी होती. मला वाटलं, काका म्हणणार दहा-बारा वर्षांचं, आणि ते नवं असल्यामुळे प्रथमच स्वतःचं नुकसान करून घेणार. पण काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि काकूंना बाहेर बोलावलं. काकू ओल्या हातांनी दारात आल्या.

"यांना सांग, पत्रे कधी टाकले."

काकूंना विचार करावा लागला नाही. "हिच्या पोरीला कांजिण्या निघाल्या व्हत्या, त्या आठवड्यात," असं माझ्या बायकोकडे बोट करून त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

एजंट पेन धरून तसाच राहिला. त्याने काकांना विचारलं, काय लिहू?

"तेच लिहा," काका म्हणाले. "उद्या कोर्टात तेच निघणार आहे."